वर्षातला सर्वांत चांगला प्रसंग

"हे कधी दाखवलं?" असं मालतीबाईंनी विचारलं, तेव्हा पडद्यावर गायत्रीचाच चेहरा होता आणि तो अजून बोलत होता. रविवारची संध्याकाळ होती. लोटू केबलवाल्याने स्वतःच्या चॅनलवर सरत्या वर्षातल्या चांगल्या आणि वाईट मालिकांचा कार्यक्रम लावला होता, आणि सुरतेत गोडादऱ्यातल्या त्या गल्लीतल्या बायका तो बघायला हातातल्या कामासकट गायत्रीच्या घरी बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर साडी होती. साडीवर टिकल्या चिकटवायचं काम टीव्हीसमोर चांगलं होतं, डोळे वर-खाली होत राहतात आणि बोटं आपली चालतात. पडद्यावरची गायत्री हिरवट दिसत होती. कापड रंगवायच्या मिलमध्ये, लॅबमध्ये रोज शेड जुळवणाऱ्या तिच्या नजरेला आधी तेच दिसलं, की चेहऱ्यात पिवळा जास्त झाला आहे आणि लाल कमी पडला आहे. आपण काय बोलतो आहोत याकडे तिचं लक्ष त्यानंतर गेलं. पडद्यावरची ती सांगत होती, की अरुणाच्या मालिकेतला बस स्टँडचा प्रसंग हा या वर्षातला सर्वांत चांगला प्रसंग आहे. एक बाई घर सोडून निघते, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहते, गाड्या येतात, जातात, आणि पार्श्वसंगीत मुळीच वाजत नाही. इतकी हिंमत दुसऱ्या कुठल्या मालिकेने केली नाही. "अरुणा कधी गेली बस स्टँडवर?" मालतीबाई म्हणाल्या. समोरच्या घरातल्या या बाईंनी त्या मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता. "तिच्या दाराशी दोन मोटारी उभ्या असतात. ती कशाला एसटीत बसते?" बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, बीएस्सीवाल्यांचा टीव्ही निराळा असेल, त्यांना जास्तीचं दिसत असेल. त्यावर पुन्हा हसू झालं, साधंच, वाईट हेतूचं नव्हे. पण गायत्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चुकीची नोंद ही तिच्या लेखी चोरीच्या जवळची गोष्ट होती. लॅबमध्ये इतक्या वर्षांत तिची एकही शेड परत आली नव्हती. आणि आता गल्लीतल्या बायकांसमोर, स्वतःचाच चेहरा समोर चालू असताना, ती न घडलेल्या गोष्टीची साक्ष देत बसली होती. ती चटकन म्हणाली, "मी कुठे बघते? मी घरी येते तोवर मालिका संपलेली असते. मला ताईंनी सांगितलं होतं."

ताई म्हणजे चंचल, तिची मोठी जाऊ. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर जांभळी साडी होती. तिने मान वर केली नाही. गायत्रीला ते वाक्य बोलून झाल्यावर पहिल्या क्षणी हलकंच वाटलं, चूक योग्य जागी जाऊन पोहोचली असं वाटलं. हे हलकं वाटणं तिला नंतर फार दिवस आठवत राहिलं. कारण पडद्यावरची ती थांबली नव्हती. ती आता वर्षातल्या सर्वांत वाईट प्रसंगाकडे आली होती आणि तोही त्याच मालिकेतला होता. "इतकं धाडस दाखवून," ती हिरवट बाई म्हणत होती, "पुढे त्या बाईला परत आणलं. आणि कशासाठी? तर परातीत कणीक भिजवून ठेवली होती, ती वाळेल, म्हणून. कुठली शहाणी बाई कणकेसाठी परत येईल? शिवाय या घरात स्वयंपाकाला महाराज आहे, मग हिने कणीक भिजवलीच का? लेखकाची हिंमतही संपली आणि लक्षही उडालं. बायकांच्या बुद्धीचा हा अपमान आहे." बोलून झाल्यावर पडद्यावरची गायत्री किंचित हसली. असं हसायचं तिने ठरवलं नव्हतं. खोलीत मात्र कोणी हसलं नाही, कारण पलंगावर बसलेल्या सरलाबाईंनी, तिच्या सासूने, वाती वळता वळता हात थांबवला होता. त्या टीव्हीकडे बघत नव्हत्या. त्या चंचलकडे बघत होत्या. "पोयाना दुसरा दिन व्हता," त्या म्हणाल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. "कनिकवर पापुद्रा धरेल व्हता." मालतीबाईंना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी मांडीवरची साडी घडी घालायला घेतली. चंचल म्हणाली, "सपनमा देखं व्हई मी." स्वप्नात बघितलं असेल मी. ते तिने इतक्या हलक्या सुरात म्हटलं की दोघी-तिघींना हसता आलं, सुटल्यासारखं. दारात स्टूल टाकून भूपेंद्र चहा पीत बसला होता. चंचलचा नवरा. त्याने कप खाली ठेवला आणि आईला म्हणाला, "तिले इचार, कोणती गाडी व्हती." तिला विचार. चंचल त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती.  तिच्या बोटाखालची टिकली रेघ सोडून भलतीकडे बसली, ती तिने नखाने उकलून काढली आणि पुन्हा जागेवर लावली.

भूपेंद्र वाईट माणूस नव्हता. लूमच्या कारखान्यात तो मास्तर होता, दारू प्यायचा नाही, हात उचलायचा नाही. धाकट्या भावाची बायको शिकलेली आहे याचा त्याला अभिमान होता आणि ती उशिरा येणार असली की तो नाक्यापर्यंत जाऊन उभा राहायचा. फक्त तो चंचलशी बोलायचा नाही. आईला सांगायचा, आई नसली तर भिंतीला सांगायचा, मीठ कमी आहे, उद्या लवकर जायचं आहे. कशावरून सुरू झालं ते गायत्री लग्न होऊन आली त्याच्या आधीचं होतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं. घरात एक खिडकी नीट लागत नाही तशी ती गोष्ट तिने गृहीत धरली होती. तिचा नवरा गजेंद्र हजिऱ्याच्या प्लँटवर शिफ्टमध्ये असायचा, दोघांची भेट होईल तेव्हा होई, आणि घरातलं तिचं खरं बोलणं व्हायचं ते सकाळी, चंचलशी. लॅब रात्रीच्या बॅचचे नमुने पास करूनच सुटायची, म्हणून आठची मालिका तिला कधीच मिळायची नाही. सकाळी चंचल डबे करायची आणि गायत्री भाजी चिरता चिरता विचारायची, "काल काय झालं?" मग चंचल पोळी लाटत अहिराणीत सगळं सांगायची. अरुणा अशी उठली, तिने पदर असा घेतला, सासूने तोंड असं केलं. लाटणं थांबवून ती ते तोंड करून दाखवायची. हिंदीतली ती श्रीमंत माणसं तिच्या तोंडी अमळनेरकडची होऊन जायची. मालिकेतल्या वकिलाला ती "वकील बुवा" म्हणायची आणि त्याचं पोट हाताने दाखवायची. गायत्रीला ते ऐकायला आवडायचं. पण ते चंचलचं आहे असं तिच्या मनात कधी आलं नाही. नळाला पाणी येतं तशी चंचलमधून मालिका येते असंच ती धरून चालली होती. उलट चंचल टीव्हीसमोर रडते, नाक पदराला पुसते, हे पाहुण्यांसमोर झालं की गायत्रीला लाज वाटायची, आणि आपण तसं रडत नाही, आपण पारखतो, हे कोणाच्या तरी लक्षात यावं असंही वाटायचं. म्हणून लोटूने रस्त्यात गाठून विचारलं, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही चार शब्द बोला," तेव्हा ती लगेच हो म्हणाली. मिलमधून येताना त्याच्या दुकानात, लग्नांची शूटिंग करतात त्या कॅमेऱ्यासमोर, ती एका दमात बोलली. येतानाच्या वाटेवर तिने वाक्यं जुळवली होती. घरी तिने सांगितलं नाही. पडद्यावर अचानक दिसू दे सगळ्यांना, असं मनात होतं.

सोमवारी लॅबमध्ये मोरपिशी रंगाचे नमुने आले. व्यापाऱ्याने पाठवलेला तुकडा आणि रात्रीच्या बॅचचा तुकडा तिने उजेडाच्या पेटीत शेजारी शेजारी ठेवले. ट्यूबच्या उजेडात दोन्ही एक होते. साधा बल्ब लावला तर बॅचचा तुकडा तांबूस झाला. असं होतं, रंग वेगळ्या रसायनांचे असले की एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, आणि त्यासाठीच पेटीत तीन प्रकारचे दिवे असतात. ती नवीन मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगायची, की एका उजेडात बघून सही करायची नाही. तिने दिवा बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. तिला आठवलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती घरी आली तेव्हा जेवणं उशिरा होत होती. ओट्यावर परात होती, फडकं सुकून कणकेला चिकटलं होतं, आणि चंचल त्या कणकेला पाण्याचा हात लावून पुन्हा मळत होती, नेहमीपेक्षा जोरात. शेठने माल तपासायला बसवून ठेवलं, असं तिने सरलाबाईंना सांगितलं होतं. दर गुरुवारी चंचल तयार साड्यांचं गाठोडं घेऊन एकटी रिंग रोडच्या मार्केटमध्ये जायची आणि नवीन माल घेऊन यायची. तेवढा एक दिवस ती चप्पल घालून, पावडर लावून बाहेर पडायची आणि आल्यावर लिफ्टमधल्या गर्दीच्या, शेठच्या नोकरांच्या गोष्टी सांगायची. गायत्रीने तेव्हा फडकं सोडवायला मदत केली होती. पापुद्रा बोटाला लागला होता. आणि पुढच्या सकाळी विचारलं होतं, काल काय झालं?

चंचलने त्या सकाळी आधी दोन पोळ्या लाटून घेतल्या होत्या. मग म्हणाली होती, काल अरुणा घर सोडीसन गयी. नवरा तिच्याशी बोलत नाही, तिचं नावही घेत नाही, अगं सुद्धा म्हणत नाही. ताटावर बसला की नुसतं 'मीठ' म्हणतो. तिने एक लुगडं पिशवीत घातलं आणि स्टँडवर जाऊन बसली. नंदुरबारची गाडी लागली. कंडक्टर हाका मारत होता, बारडोली, व्यारा, नवापूर. एक म्हातारी तिला म्हणाली, बाई, जागा धर. ती उठली नाही. गाडी गेली. मग दुसरी आली. शेजारी एकजण पेरू कापून खात होता, त्याचा वास येत होता. "वास?" असं गायत्रीने तेव्हा विचारलं नव्हतं. टीव्हीत पेरूचा वास कसा येईल, हे तिला आज, ट्यूबच्या उजेडात, कळलं. तेव्हा तिने विचारलं होतं ते एवढंच, की संगीत कसं होतं, दुःखाचं वाजवलं असेल? चंचलने विचार करून सांगितलं होतं, काहीच वाजत नव्हतं. आणि गायत्रीला ते फार आवडलं होतं. पुढे चंचल म्हणाली होती, की मग तिला कणीक आठवली. ओलं फडकं घालून आली होती, पण ऊन किती होतं. वाळली असेल. आता आपण गेलो तर सासू ती फेकून देईल की तशीच लाटेल, यावर तिचं मन अडकलं. ती कणकेचा विचार करत राहिली आणि पाय घराकडे वळले. घरी कोणी विचारलं नाही कुठे होतीस. नवरा आईला म्हणाला, आज उशीर झाला. एवढं सांगून चंचलने गायत्रीकडे बघितलं होतं. तिला काहीतरी विचारायचं होतं हे गायत्रीला आज दिसलं, जणू तेव्हाचं तोंड आज पेटीत ठेवून बघावं तसं. कदाचित ती एवढंच ऐकायला थांबली होती की परत आली ते बरं झालं, किंवा वाईट झालं, कोणाच्याही तोंडून, मालिकेबद्दल म्हणून का होईना. आणि गायत्री म्हणाली होती, "काहीतरीच. महाराज आहे ना त्यांच्याकडे?" तिने विसंगती बरोबर पकडली होती. तिच्या मनात ती तेव्हापासून पक्की बसली होती आणि वर्षाच्या शेवटी तिने ती गल्लीगल्लीतल्या सगळ्या टीव्हींवर सांगितली.

दुपारी तिला डबा खाववला नाही. डब्यात चंचलच्याच पोळ्या होत्या. तिला वाटलं, आपण नुसतं चुकून बोललो असतो तर एवढं लागलं नसतं. कॅमेऱ्यासमोर जे बोललो ते अजाणता होतं, त्याला क्षमा असू शकते. पण खोलीत बोललेलं ते एक वाक्य अजाणता नव्हतं. बायका हसत होत्या तेव्हा 'मीच मनचं सांगितलं असेन' म्हणून गप्प बसता आलं असतं. गल्लीने चार दिवस चिडवलं असतं, बीएस्सी बाई स्वप्नात मालिका बघते म्हणाल्या असत्या, आणि विसरल्या असत्या. ते स्वप्नाचं चंचलला स्वतःवर घ्यावं लागलं. आपण खरं बोललो, आणि खरं बोललो ते स्वतःला वाचवायला. लॅबच्या फरशीवर कोणीतरी निळा रंग सांडून नीट पुसला नव्हता, तिच्या चपलेला तो लागला आणि ती जाईल तिथे फिकट ठसा उमटत गेला. शिपायाने दाखवलं तेव्हा ती एवढी दचकली की त्याने माफी मागितली.

रात्री भूपेंद्र नाक्यावर उभा होता. दोघं गल्लीत वळली. कारखान्यांची धडधड दोन्ही बाजूंनी चालू होती, तिच्यात बोलणं सोपं जातं, चेहरा बघावा लागत नाही. ती म्हणाली, "दादा, काल टीव्हीवर मी बोलले ते माझं चुकलं. ताईंनी तसं काही सांगितलंच नव्हतं. दोन-तीन मालिका माझ्या डोक्यात मिसळल्या." ती खोटं बोलण्यात किती कच्ची आहे हे तिचं तिला ऐकू आलं.  मग तो नेहमीच्याच मानाने म्हणाला, "तू कशी चुकशी? शिकेल शे ना तू." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला काहीतरी उत्तर सुचलं असतं. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, बाकाची गोष्ट, कणकेची गोष्ट, हे सगळं तू जसंच्या तसं सांगितलंस, म्हणजे तिने तसंच सांगितलं असणार. आणखी पुढे, घर दिसायला लागल्यावर, त्याने विचारलं, "मीठबद्दल बी बोलनी का ती?" गायत्रीने डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. कॅमेऱ्यासमोर तिने मिठाचा उल्लेख केला होता का, तेवढं तिला आठवेना. तो मान खाली घालून चालत राहिला. तिला वाटलं त्याच्यातही काहीतरी शरमेचं हललं आहे, आणि क्षणभर तिला आशा वाटली. पण शरमेला माणूस कुठली वाट देईल हे सांगता येत नाही. गुरुवारी सकाळी चंचलने केस विंचरले, गाठोडं बांधलं, पलंगाखालची चप्पल बाहेर काढून ठेवली, तेव्हा तो स्कूटर घेऊन दारात आला आणि आत न बघता आईला म्हणाला, "आजपासून माल मी पोचाडसू. तिले सांग, घर बसीसन काम कर." सरलाबाईंनी एकदा चंचलकडे बघितलं आणि त्या देवासमोर जाऊन बसल्या. गाठोडं स्कूटरच्या पुढे मावलं. चंचलने ते स्वतः उचलून दिलं, गाठ सैल होती ती आवळून दिली. त्याचा हात आणि तिचा हात त्या गाठीवर जवळ आले होते आणि दोघांनीही ते नीट टाळलं. मग तिने चप्पल पुन्हा पलंगाखाली सारली. तोंडावर पावडर लावलेली होती, ती तशीच राहिली दिवसभर.

गायत्री मिलमध्ये जायला निघाली होती, तिची रिक्षा नाक्यावर थांबली असणार. ती म्हणाली, "ताई." चंचल म्हणाली, जा तू, उशीर व्हई. रागाने नाही. राग असता तर गायत्रीला त्याच्यासमोर उभं राहता आलं असतं. चंचलच्या आवाजात नुसती काळजी होती, रोजच्यासारखी, डबा घेतला का अशी, आणि तिच्याखाली काही होतं की नव्हतं हे ओळखायला गायत्रीकडे दुसरा दिवा नव्हता. प्लेगच्या वर्षी सगळं सुरत गावाकडे पळालं तेव्हा या दोघी एका पोत्यावर बसून गाडीच्या दाराशी रात्र काढत गेल्या होत्या. चंचल हळूहळू, जसजशी स्टेशनं आपल्या बोलीची यायला लागली तसतशी, बोलायला लागली होती. उजाडताना ती गायत्रीला म्हणाली होती, मला ना, गाडीत बसलं की सगळं सांगावंसं वाटतं. गायत्रीने तेव्हा नाकावरचा रुमाल घट्ट केला होता आणि जंतू हवेतून किती लांब जातात ते समजावून सांगितलं होतं.

काही दिवस सकाळी ती विचारू शकली नाही. भाजी चिरायची, डबा भरायचा, निघायचं. चंचलही काही बोलायची नाही, आणि पोळ्यांचा, तव्याचा आवाज स्वयंपाकघरात वाढत गेला. मग एका सकाळी, हे असंच राहिलं तर हेच नेहमीचं होऊन बसेल या भीतीने, गायत्रीने मेथी निवडता निवडता, जुन्याच सुरात विचारलं, "काल काय झालं?" चंचलने लाटणं थांबवलं नाही. ती सांगायला लागली. "अरुणा मोटारमाईन उतरनी. सासूनी दार उघाडं. सासू म्हणे, आलीस. अरुणा म्हणे, हो." तोंड करून दाखवलं नाही. वकील बुवा आले, त्यांचं पोट आलं नाही. "मंग साबणनी जाहिरात. मंग चहानी. मंग ती ट्रॅक्टरवाली. मंग अरुणा जिना चढनी." ती सगळं बरोबर सांगत होती, क्रमाने, काही न घालता. मालतीबाईंनी शेजारी बसून तपासलं असतं तरी एक चूक सापडली नसती. गायत्री मेथीची पानं खुडत ऐकत राहिली. मधेच एकदा तिला वाटलं, आता येईल, आता एखादा वास येईल, कोणीतरी कोणाला जागा धर म्हणेल. जिना संपला, अरुणाने खोलीचं दार लावलं, आणि नावं वर सरकायला लागली. "संपनं," चंचल म्हणाली.

"आणि ती बस स्टँडवरची?" गायत्रीने विचारलं. आवाज तिला वाटला त्याहून बारीक निघाला. "तिचं पुढे काय झालं?"

चंचलने शेवटची पोळी तव्यावर टाकली. "ती आते दखाडत नई," ती म्हणाली. तिला आता दाखवत नाहीत. संध्याकाळची कणीक तिने आत्ताच भिजवून ठेवली होती. नळाखाली फडकं ओलं केलं, पिळलं, कणकेवर पसरलं, आणि चारी बाजूंनी कडा आत खोचून घेतल्या, कुठे वारा शिरणार नाही अशा.